बांगनाच्या नव्या घरात नेट कुणाचं घ्यायचं?

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही चार वर्षं बँकॉकला ओन्नुतच्या काँडोत राहतोय. या महिन्याअखेर बांगनाच्या पुढे, बांगफ्ली भागात दुमजली घर भाड्याने घेतोय. मुलीची शाळा तिकडे आहे. काँडोत नेट मालकिणीच्या नावावर होतं आणि भाड्यातच धरलेलं होतं, म्हणून मला यातलं काहीच ठाऊक नाही. मी पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते, दिवसभर मीटिंगा असतात. माझे बाबा नाशिकला एकटे राहतात. गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली. तेव्हापासून तिथल्या रात्री आठला, म्हणजे आपल्या साडेनऊला, रोज व्हिडिओ कॉल करते. तो एक दिवसही चुकवायचा नाही असं मी ठरवलंय. मॉलमध्ये दोन कंपन्यांची मुलं भेटली. एक म्हणतो वन जीबीचं घ्या, दोन वर्षांचा करार करा, टीव्हीचा बॉक्स आणि सिम फुकट. दुसरा त्याहून स्वस्त देतोय. नवरा म्हणतो, सगळं सारखंच असतं, स्वस्तातलं घे. कुठली कंपनी चांगली, ते एका वाक्यात सांगाल का?

– एक वाचक, बँकॉक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

एका वाक्यात मागितलंत, तर ते वाक्य आधी घ्या: त्या गल्लीत तुमच्या दोन्ही बाजूंच्या घरांत ज्या कंपनीचं नेट वर्ष-दोन वर्षं नीट चाललंय, तिचं घ्या. पुढचं सगळं पत्र आहे ते हे शोधायचं कसं आणि सही करण्याआधी काय काय विचारायचं, याबद्दल. तुमचा प्रश्न कंपनीचा आहे, पण मी तुम्हाला आधी गल्लीत घेऊन जाणार आहे, कारण माझं स्वतःचं जे चुकलं ते गल्ली न बघितल्यामुळे चुकलं.

कंपन्यांचं चित्र लवकर सांगून टाकते. इथे घरगुती नेटसाठी आता मुख्यतः तीन दारं उरली आहेत. ट्रू ऑनलाइन हे एक. दुसरं एआयएस. त्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये थ्रीबीबी विकत घेतली, म्हणून दुकानावर आता दोन्ही नावं एकत्र दिसतात. आणि तिसरी एनटी, ही सरकारी. टीओटी आणि कॅट या दोन जुन्या सरकारी कंपन्या जानेवारी २०२१ मध्ये एकत्र करून ती उभी राहिली. तुमच्या ओळखीतलं कुणी 'आमचं थ्रीबीबी फार छान होतं' किंवा 'टीओटी अगदी वाईट' असं सांगत असेल, तर ते कोणत्या साली आणि कोणत्या भागात ते आधी विचारा. कंपन्या एकमेकींत मिसळल्या, माणसं बदलली, जुन्या तांब्याच्या तारा जाऊन फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची तार, आलं. पाच वर्षांपूर्वीचा अनुभव आज कामाचा राहिलेला नाही.

या तिघांत सगळीकडे चांगलं आणि सगळीकडे वाईट असं कुणीच नाही. एकाच कंपनीचं नेट एका सोईत, म्हणजे गल्लीत, वर्षभर हलत नाही आणि पुढच्या सोईत पाऊस आला की जातं. कारण कंपनीचं मोठं जाळं सारखंच असलं तरी तुमच्या घरापर्यंत येणारी शेवटची दोनशे-तीनशे मीटर तार वेगळी असते. ती ज्या खांबावर आहे तो खांब वेगळा, त्या खांबावरची पेटी वेगळी, आणि बिघाड झाला की दुचाकीवर शिडी लादून येणारा माणूसही वेगळा. तुमचं नेट म्हणजे प्रत्यक्षात एवढंच.

म्हणून पहिलं काम: भाडेकरारावर सही करण्याआधी त्या घरासमोर जाऊन उभ्या राहा आणि वर बघा.

तुमचं घर समुतप्राकान प्रांतात येतं. तिथले विजेचे खांब बँकॉकच्याच वीज मंडळाचे आहेत. वर विजेच्या तारा आणि त्यांच्या खाली फोन-नेटच्या काळ्या तारांचं जुडगं, हे तर तुम्ही रोज बघता. त्या जुडग्यात मध्येमध्ये काळ्या किंवा करड्या रंगाच्या डबीसारख्या पेट्या लटकलेल्या दिसतील. मोठ्या तारेतून येणारा प्रकाश तिथे वाटला जातो आणि तिथून एकेक बारीक तार एकेका घरात जाते. पुष्कळ पेट्यांवर आणि तारांवर कंपनीचं नाव छापलेलं असतं. घरासमोरच्या खांबावर कोणाकोणाची पेटी आहे, ते पाहून ठेवा. मोबाइलने फोटो काढा. पेटी आहे म्हणजे जोडणी मिळेलच असं मात्र धरू नका. एका पेटीत ठरावीकच जागा असतात. त्या भरल्या की इथला माणूस शांतपणे दोनच शब्द बोलतो: 'पोर्ट तेम'. म्हणजे जागा भरली. मग नवी पेटी बसेपर्यंत थांबा.

मी हे दोन शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा सामान घरात येऊन पडलं होतं. भाडेकरार झालेला, दोन महिन्यांची अनामत दिलेली, आणि दुकानातल्या मुलीने नकाशात पत्ता टाकून 'मिळेल' असं सांगितलेलं. तिने खोटं सांगितलं नव्हतं, नकाशावर आमची सोई खरंच हिरवी होती. पण पेटी भरलेली होती हे खांबावर चढलेल्या माणसालाच कळलं. पुढचे एकोणीस दिवस मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम केलं आणि दर मीटिंगला माफी मागितली. म्हणून तुम्ही दुकानात विचाराल तेव्हा 'आमच्या भागात नेट मिळतं का' एवढंच विचारू नका. घरक्रमांक द्या, लाइन या चॅट अॅपवर घराचं लोकेशन पाठवा आणि सांगा, 'पोर्ट रिकामा आहे का ते बघून कळवा.' कंपन्या यासाठी माणूस पाठवून पाहणी करतात. हे उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका.

तुमचं घर मू बानमध्ये असेल, म्हणजे फाटक आणि पहारेकरी असलेल्या वसाहतीत, तर आणखी एका ठिकाणी जावं लागेल. वसाहतीचं ऑफिस, ज्याला सगळे 'निती' म्हणतात. हा आपल्या नीतीचाच शब्द, पाली-संस्कृतातून इकडे आलेला. नव्या वसाहतींत तारा जमिनीखालून नेतात. दिसायला फार सुंदर दिसतं, पण त्या नळ्यांतून ज्या एक-दोन कंपन्यांनी तार ओढली असेल त्यांचंच नेट मिळतं. तिथे मॉलमधल्या मुलाने कितीही चांगली ऑफर दिली तरी उपयोग नाही. नितीच्या ऑफिसात विचारायचं: कोणत्या कंपन्यांना आत परवानगी आहे, आणि काम करायला माणसं कोणत्या दिवशी येऊ शकतात. बऱ्याच वसाहतींत रविवारी भिंतीला भोक पाडू देत नाहीत. भोकासाठी घरमालकाची परवानगीही आत्ताच लाइनवर लिहून घ्या. नंतर अनामत परत करताना त्या भोकाची आठवण काढणारे मालक मी पाहिलेत.

आणि शेजारी. संध्याकाळी सातनंतर जा, लोक घरी असतात. थाई येत नसेल तर भाषांतराचं अॅप पुढे करा, इथे कुणी वाईट वाटून घेत नाही. आपल्याकडून काहीतरी खायला घेऊन गेलात तर गप्पाच सुरू होतील. तीन गोष्टी विचारा. कुणाचं नेट आहे? शेवटचं कधी गेलं होतं? आणि गेल्यावर माणूस किती दिवसांनी आला? तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. नेट सगळ्यांचंच कधी ना कधी जातं. एखादा ट्रक लोंबणारी तार ओढून नेतो, खार तार कुरतडते (इथल्या झाडीच्या भागात खारींचा हा उपद्रव अगदी नेहमीचा आहे), गवत जाळताना तार वितळते. कंपनीची परीक्षा त्यानंतर होते. 'त्याच दिवशी येतात' असं दोन घरांनी सांगितलं, तर माझ्या लेखी निवड झाली.

आता वेगाचं बघू. मॉलमधला मुलगा 'वन जीबी' म्हणतो, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट. तुमच्या घरात लागणार किती? चांगल्या दर्जाच्या एका व्हिडिओ मीटिंगला साधारण तीन-चार मेगाबिट पुरतात. मुलीचं त्याच वेळी ऑनलाइन काही चालू असेल, तिला तेवढंच. टीव्हीवर फोर-के सिनेमा लागला तर पंधरा ते पंचवीस. फोन, कॅमेरा वगैरे सगळं धरूनही तुम्ही साठ-सत्तरच्या पुढे जात नाही. ५०० चं पॅकेज तुम्हाला भरपूर होईल. त्याहून स्वस्तात ३०० चं मिळालं तर तेही चालेल. पॅकेजवर ५००/५०० असे दोन आकडे लिहिलेले असतात. पहिला येण्याचा, दुसरा पाठवण्याचा. मीटिंगमध्ये तुमचा चेहरा आणि आवाज जातो तो दुसऱ्या आकड्यातून, म्हणून तो फार कमी नाही ना एवढं बघा. उरलेले पैसे एका जास्तीच्या वायफाय डबीवर घाला. दुमजली पक्क्या घरात तुमचं खरं भांडण भिंतींशी आहे. खालच्या हॉलमध्ये बसवलेल्या राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल वरच्या मागच्या खोलीत पोहोचेपर्यंत दमतो. २.४ चा भिंती ओलांडून जातो, पण तो मुळातच धिमा आणि शेजाऱ्यांच्या वायफायने भरलेला. अशा घरात १००० चं नेट घेऊन वरच्या खोलीत चाळीस-पन्नास मिळवणारी माणसं मला ठाऊक आहेत, आणि कंपनीला शिव्या घालणारीही तीच. मेश वायफायचा, म्हणजे पहिल्याशी जोडून घरभर एकच वायफाय पसरवणारा, दुसरा राउटर पॅकेजमध्ये मिळतो का, ते विचारून घ्या. टीव्हीच्या बॉक्सपेक्षा तो मागून घ्या.

तुमच्या कामासाठी एक गोष्ट वेगळी आहे. बसवणारा माणूस शेवटी वेग तपासून दाखवतो आणि आकडा छान येतो. पण ती तपासणी बँकॉकमधल्याच सर्व्हरशी होते. तुमच्या मीटिंगा पुण्याशी आणि कॉल नाशिकशी. ती वाट समुद्राखालच्या तारांतून जाते आणि प्रत्येक कंपनीची वाट थोडी वेगळी असते. रात्री साडेनऊला तर इथे घरोघरी टीव्ही चालू असतात, तुमचा बाबांचा कॉल नेमका गर्दीच्या वेळेत येतो. म्हणून शेजाऱ्याशी ओळख झालीच आहे, तर एका रात्री नऊ-साडेनऊला त्याच्या वायफायवर दहा मिनिटं मागून घ्या. स्पीडटेस्टच्या अॅपमध्ये सर्व्हर बदलून मुंबईचा निवडा. वेगाच्या आकड्याकडे फार बघू नका. पिंग, म्हणजे निरोप तिकडे जाऊन परत यायला लागणारा वेळ, बघा, आणि दोन-तीनदा तपासल्यावर तो आकडा फारसा इकडेतिकडे होत नाही ना ते बघा. मग तिथूनच बाबांना कॉल लावा. चित्र न अडकता पाच मिनिटं बोलणं झालं की कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोठा पुरावा तुमच्या हातात आहे.

कराराकडे येऊ. तुमचा भाडेकरार एक वर्षाचा असेल, इथे बहुतेक तसाच असतो. मग नेटचा करार दोन वर्षांचा करू नका. फुकट बसवून देतात ते करार पूर्ण करण्याच्या अटीवर. मध्येच सोडलात तर बसवण्याचे माफ केलेले पैसे परत मागतात, आणि ती रक्कम काही हजार बाटांत जाते. बारा महिन्यांचं पॅकेज दरमहा थोडं महाग पडलं तरी तेच घ्या. दोन वर्षांचंच घ्यायची वेळ आली तर घर बदलल्यावर तोच करार नव्या पत्त्यावर नेता येतो का, किती पैसे लागतात, करार पुन्हा पहिल्यापासून मोजतात का, आणि नव्या पत्त्यावर त्यांची तारच नसेल तर काय, हे चार प्रश्न विचारा. उत्तरं लाइनवर लिहून घ्या. तोंडी उत्तर देणारा मुलगा पुढच्या महिन्यात दुसऱ्या मॉलमध्ये असतो.

जाहिरातीतल्या आकड्यात सात टक्के व्हॅट बहुधा धरलेला नसतो. ५९९ चं पॅकेज म्हणजे बिलात ६४० बाट ९३ सतांग. पहिलं बिल मधल्या काही दिवसांचं आणि पुढच्या महिन्याचं मिळून येतं, म्हणून मोठं दिसतं. ते पाहून घाबरू नका, पण ओळ न् ओळ वाचा. बसवण्याचे पैसे माफ म्हटले होते ते खरोखर माफ झालेत का, ते तिथे कळतं. तारखांपुढे साल बौद्ध शकातलं असतं, ५४३ वजा करायचे. २५६९ म्हणजे २०२६. करार संपण्याची तारीख अशी मोजून फोनमध्ये टाकून ठेवा, कारण सवलतीचा दर बरेचदा त्या दिवशी संपतो आणि बिल आपोआप वाढतं. संपण्याच्या महिनाभर आधी फोन करून 'मी सोडायचा विचार करतेय' म्हटलंत की नवी सवलत बहुतेक वेळा मिळते.

नाव कुणाचं घालायचं? भाडेकरार ज्याच्या नावावर, त्याच्याच नावावर नेट. पासपोर्ट मूळ घेऊन जा, भाडेकराराची प्रत आणि मालकाच्या ओळखपत्राची सही केलेली प्रतही घ्या. परदेशी माणसाकडून काही ठिकाणी वर्क परमिट किंवा थोडी अनामत मागतात. तुम्हा नवरा-बायको दोघांचे कागद जवळ असू द्या, म्हणजे दुसरी फेरी पडत नाही. मालक म्हणेल, 'माझ्याच नावावर घेऊ, सोपं पडेल.' तुमच्या काँडोत तसंच होतं आणि चार वर्षं काही अडलं नाही, हे मला समजतं. पण नेट गेलं की तक्रार करायला ज्याचं नाव आहे तोच लागतो. मालक फोन उचलत नाही त्या दिवशी तुमची मीटिंग बुडते. आणि जुन्या काँडोतलं नेट मालकिणीचं असल्यामुळे ते इकडे हलवायचा प्रश्नच तुम्हाला नाही, नवंच घ्यायचं आहे. फक्त निघताना तिथला राउटर आणि अडॅप्टर जागेवर आहे असा फोटो काढून मालकिणीला पाठवा.

राउटर कंपनीचा असतो, आपला नसतो, हे फार महत्त्वाचं आहे. तीन वर्षांपूर्वी मी घर सोडलं तेव्हा राउटर मालकाकडे ठेवून आले आणि कंपनीला फोनवर 'बंद करा' म्हटलं. फोनवरच्या मुलीने हो म्हटलं. पुढचे चार महिने बिल येत राहिलं, मग वसुलीची पत्रं आली. शाखेत गेले तर म्हणाले, उपकरण जमा नाही, अर्जावर सही नाही, म्हणजे जोडणी चालूच. पैसे भरले, आणि त्याहून जास्त त्रास झाला तो रोज कामाच्या वेळेत येणाऱ्या फोनांचा. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: बंद करताना पासपोर्ट आणि राउटर घेऊन शाखेत जा, जमा केल्याची पावती घ्या, पावतीचा फोटो काढा. कंपनी दाद देत नसेल तर दूरसंचार नियामक आयोगाचा १२०० हा नंबर आहे, त्यावर तक्रार नोंदवता येते.

आता बसवण्याचा दिवस. त्या दिवशी घरात तुम्ही स्वतः थांबा, कामवालीवर किंवा मालकावर सोडू नका. सकाळी अनोळखी नंबरवरून फोन येईल, तो उचला. दोनदा उचलला नाही तर तो पुढच्या घरी जातो आणि तुमची पाळी दोन-चार दिवसांनी येते. येणारा माणूस 'छांग', म्हणजे कारागीर. थाईत हत्तीलाही छांगच म्हणतात, फक्त सूर वेगळा. तुम्ही कसंही म्हणा, तो समजून घेतो. त्याला थंड पाणी द्या, उन्हात खांबावर चढून आलेला असतो.

तो बाहेरून काळी चपटी तार घरात आणील आणि तिचं टोक सोलेल. आत केसाएवढी काच असते. ती अल्कोहोलच्या कापसाने पुसून, छोट्या कटरमध्ये ठेवून टच्कन कापतो. कापलेला काचेचा कण जमिनीवर पडला तर पायात जातो आणि दिसतही नाही, म्हणून मुलीला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवा आणि नंतर फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या. टोक बसवल्यावर तो एका हातातल्या मीटरला तार लावतो आणि त्यावर उणे चिन्हाचा आकडा येतो. हा आकडा तुम्हीही बघा. वजा पंधरा ते वजा पंचवीसच्या मध्ये असला की प्रकाश नीट पोहोचतोय. वजा सत्तावीस दिसला तर नेट आज चालेल, पण पहिल्या मोठ्या पावसात रडेल. तेव्हा हसून त्याला आकड्याकडे बोट दाखवा. बरेचदा टोक पुन्हा कापून बसवलं किंवा तारेतला एखादा वळसा सैल केला की दोन-तीनने सुधारतो. फायबरची तार कोपऱ्यात काटकोनात दुमडलेली चालत नाही, प्रकाश तिथेच गळतो. कपाटामागे दाबूनही ठेवू नका.

राउटर तो दाराजवळ किंवा टीव्हीखाली लावायला बघेल, कारण तिथे तार कमी लागते. तुम्ही आधीच ठरवून ठेवा. माझं म्हणणं, जिन्याच्या मधल्या भिंतीवर किंवा वरच्या मजल्यावर तुमच्या कामाच्या खोलीबाहेर. तार जास्त लागली तर थोडे पैसे मागेल, ते द्या. लॅपटॉपला शक्य असेल तर साधी लॅन केबल लावा. मीटिंगा वायफायवर चालवणं आणि केबलवर चालवणं यात फरक तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल. तो निघण्याआधी वरच्या खोलीत, स्वयंपाकघरात आणि मुलीच्या खोलीत फोन घेऊन फिरा. आणि त्याचा लाइन नंबर मागून घ्या. तो देतो. पुढे कधी नेट गेलं तर कॉल सेंटरला तक्रार टाकाच, पण त्यालाही निरोप टाका.

नेट गेलं तर राउटरवरचा एलओएस लिहिलेला दिवा बघा. तो लाल लुकलुकत असेल तर बाहेर तार तुटलेली किंवा निसटलेली आहे, राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. कॉल सेंटरला 'फाय देंग', लाल दिवा, एवढं सांगितलंत तरी ते थेट माणूस पाठवण्याची नोंद करतात. 'नेत छाय माय दाय खा', नेट चालत नाहीये, हे वाक्य पाठ करून ठेवा. दिवा लाल नसेल आणि तरी नेट नसेल, तेव्हा राउटर बंद करून पुन्हा लावण्यात अर्थ आहे. मे ते ऑक्टोबर पावसाचे महिने. फायबरमधून वीज येत नाही, पण अडॅप्टरमधून येते. गडगडाट जवळ आला की काढून ठेवा. वीज गेली तर राउटर चालू राहील असा छोटा यूपीएस बाजारात मिळतो, तुमच्यासारखं काम असेल तर घ्याच.

दुसरी वाट म्हणून मोबाइलचं सिम वेगळ्या कंपनीचं ठेवा. घरी ट्रू असेल तर फोनमध्ये एआयएस, किंवा उलट. फुकटचं सिम मिळतंय म्हणून घर आणि फोन एकाच कंपनीकडे दिलेत, तर ती कंपनी भागात बंद पडेल तेव्हा दोन्ही बंद. या कारणासाठी मी ती फुकटची सोय घेत नाही.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी बाजूला टाकत नाही. पोर्ट रिकामा आहे, शेजारी समाधानी आहेत, मुंबईची तपासणी बरी आली, अशा दोन कंपन्या निघाल्या तर त्यांतली स्वस्त घ्या, डोळे मिटून. क्रम तेवढा हाच ठेवा. तिन्ही गोष्टींत एकच कंपनी पास झाली तर महिन्याचे शंभर-दोनशे बाट जास्त गेले तरी जाऊ द्या. तुमच्या एका बुडालेल्या मीटिंगची किंमत त्याहून मोठी आहे.

दिवस कमी आहेत, म्हणून वेळेचं सांगते. या शनिवारी संध्याकाळी गल्लीत जा, खांब आणि शेजारी बघा. सोमवारी निती आणि शाखा. नोंदणीपासून बसेपर्यंत तीन-चार दिवसांत होतं, पण पोर्टची अडचण निघाली तर आठवडे जातात, म्हणून सामान हलवण्याच्या दहा दिवस आधी नेट बसलेलं असावं. रिकाम्या घरात मालकाकडून एका दिवसासाठी किल्ली मागा, बहुतेक देतात. लांबच्या सुट्टीला, विशेषतः एप्रिलच्या सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, लागून तारीख घेऊ नका, तेव्हा सगळे कारागीर गावी असतात. दहा दिवसांचं जास्तीचं बिल पडेल, ते पडू द्या.

आणि सामान हलवाल त्या दिवशी ट्रकवर शेवटचं खोकं चढायच्या आधी एक पिशवी वेगळी भरा: फोनचा चार्जर, लॅपटॉप, लॅन केबल, नव्या वायफायचा पासवर्ड लिहिलेला कागद. ती ट्रकमध्ये टाकू नका, तुमच्या खांद्यावर राहू द्या. खोकी उघडायची राहिली, गाद्या जमिनीवर असल्या तरी चालेल. साडेनऊला बाबांना कॉल लावा आणि त्यांना फोन फिरवून वरची खोली दाखवा.

– तुमची ताई